सात कवडसे

सांखळी, गोवा
११ मे

प्रिय निमा,

तुझं पत्र वाचून हसूच आलं. ठिबकत्या नळाचे प्लंबरने चारशे घेतले म्हणून एवढी चिडलीस? इथे पैसे हातात घेऊन बसलं तरी माणूस मिळत नाही. ‘फाल्यां येतां’, म्हणजे उद्या येतो, म्हणतो. आमचा तीन ‘फाल्यां’नंतर उगवला, दोन मिनिटांत वायसर बदलला आणि साडेतीनशे घेऊन गेला. मी मात्र शेजारी उभी राहून त्याचे हात नीट बघून ठेवले होते.

पुढचा नळ मीच उघडला, आणि टाकीचा वॉल्व्ह बंद करायलाच विसरले! पाणी थेट तोंडावर. ह्यांनी आधी टॉवेल आणून दिला, मग वॉल्व्ह बंद केला. क्रम बघ! बाकी काम काहीच नाही गं. मूठ काढायची, पान्याने वरचा भाग सैल करायचा, तळाशी चेपून गेलेला रबरी वायसर बदलायचा. पाच रुपये. तुझा नळ पाव फेऱ्यात उघडणारा असेल तर त्यात वायसर नसतो, आतलं पूर्ण कार्ट्रिजच बदलावं लागतं.

पण खरी मजा कौलांची. सासऱ्यांच्या काळचं हे घर, चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. मृगाआधी घर शाकारायला दरवर्षी दोन गडी येतात, अख्खं छप्पर हलवतात आणि बदलतात त्याहून जास्त फोडून जातात, असा माझा जुना संशय. म्हणून यंदा म्हटलं, फुटकी किती ते आधी मोजू.

तीस वर्षं भूगोल शिकवला, तो आत्ता कामी आला. मेच्या पहिल्या आठवड्यात इथे गोव्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर असतो. अंगणातल्या काठीला सावली उरत नाही. ती वेळ गाठून दारं-खिडक्या लावल्या आणि जमिनीवरच्या प्रत्येक कवडशाभोवती खडूने गोल काढला. एरवी कवडसा तिरपा पडतो, भोक एकीकडे नि उजेड भलतीकडेच. त्या दिवशी गोलात उभं राहून मान वर केली की नेमकं कौल दिसतं. सगळे मिळून सात गोल! त्यातले दोन देवखोलीत. गेल्या पावसात तिथे गळत होतं आणि आम्ही बापडे भिंतीलाच दोष देत होतो.

आढ्याजवळची दोन गड्यासाठी ठेवली, तेवढं धाडस नाही. खालच्या उतारावरची पाच मी शिडीवरून बदलली. वरचं कौल थोडं उचलून धरायचं, फुटकं रिपेवरून, म्हणजे खालच्या लाकडी पट्टीवरून, सोडवून खाली ओढायचं, नवं तसंच आत सरकवून रिपेला अडकवायचं. शेजारीण कुंपणापलीकडून ओरडत होती, ‘पडशी मगो!’ ह्यांनी शिडी घट्ट धरली होती, डोळे मिटून.

एक फजिती झालीच. बाजारातून नवी कौलं आणली, ती बसेचनात. प्रत्येक कारखान्याच्या खाचा वेगळ्या. शेवटी गोठ्यामागे सासूबाईंनी रचून ठेवलेली जुनी चळत आठवली. त्यांच्या साठवणीवर मी किती कुरकुर केली होती, तुला तर माहीतच आहे.

पंखा मंद फिरत होता, त्याचा कंडेन्सर भाच्याने बदलला. मेन बंद करूनच. पंखा बंद झाल्यावरही कंडेन्सर आत वीज धरून ठेवतो म्हणे, म्हणून मी लांबच राहिले. मीटरच्या पेटीला तर मी हातच लावत नाही.

जूनमध्ये येतेस ना? देवखोलीतले दोन गोल अजून पुसलेले नाहीत. पहिला पाऊस लागला की तिथे पाट मांडून बसायचं ठरवलंय.

तुझीच,
शालू

ता. क. वायसर आणायला जाशील तेव्हा जुना पिशवीत टाकून ने. ‘अर्ध्या इंचाचा द्या’ म्हणून मी दोनदा चुकीचा आणला.