गच्चीच्या कठड्यावरची खूण

नौपाडा, ठाणे
२२ डिसेंबर २०२५

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की एडिंबरात तीन दिवस सूर्यच दिसला नाही, लॅबला जाताना अंधार आणि परततानाही अंधार. जेवणाचं विचारलं तर "ब्रेड आहे" एवढंच. मी तेव्हा काही बोललो नाही, पण रात्री झोप लागली नाही. फोनवर आपण दोघंही "सगळं ठीक आहे" म्हणून मोकळे होतो, म्हणून लिहायला बसलोय.

काल आपल्याकडे धुंधुरमास झाला, म्हणजे उजाडताना करायचं गरम जेवण. सूर्य धनु राशीत असेपर्यंत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून भोगीपर्यंत, कुठलाही दिवस चालतो. यंदा २१ डिसेंबरला रविवारच आला, तेव्हा मी तोच धरला. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रींपैकी एक संपताना गरम जेवायचं, याहून चांगला दिवस कुठला? "आजपासून उत्तरायण," असं मी म्हटल्यावर आजी लगेच म्हणाली, "उत्तरायण संक्रांतीला असतं." तिचंही खोटं नाही. साधारण सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचं उत्तरेकडे वळणं आणि संक्रांत एकाच दिवशी येत. पृथ्वीचा आस अतिशय हळू गिरकी घेतो, त्यामुळे संक्रांत सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. सूर्य खरा वळतो तो आता, डिसेंबरात.

शनिवारी जांभळी नाक्यावरून भाजी आणली. सोलाणे, पावटे, घेवडा, कोवळी गाजरं, काटेरी वांगी, बोरं, ओल्या शेंगा. पिशवी जड झाली तरी रिक्षा केली नाही, या दिवसांत संध्याकाळी चालायला छान वाटतं. आई पहाटे साडेचारला उठली. लेकुरवाळी भाजी, भरीत, मुगाची खिचडी, तिळकूट, घरचं लोणी. भाकऱ्या मात्र मी थापल्या. आजीचे हात आता थरथरतात. ती शेजारी स्टुलावर बसून सांगत होती आणि मी थापत होतो. बाजरीला चिकटपणा नसतो, म्हणून पीठ कढत पाण्यात भिजवायचं आणि एका भाकरीपुरतंच मळायचं. पहिल्या दोन फाटल्या. तिसरी टम्म फुगली तेव्हा आजीने वरून तीळ लावलेली ती भाकरी हातात घेतली आणि म्हणाली, "ही त्याची." नैवेद्याच्या पानाशेजारी तुझं पान मांडलं होतं.

उजाडण्याआधी नैवेद्य दाखवला आणि ताटं घेऊन सगळे गच्चीवर गेलो. तू सातवीत असताना आपण कठड्यावर रंगाने रेघा मारल्या होत्या, आठवतं? २१ मार्चची रेघ बरोबर पूर्वेला. डिसेंबरची तिच्या उजवीकडे, हात लांब करून धरलेल्या अडीच मुठींवर. जूनची राहूनच गेली, पावसाळी ढगांनी सूर्य दिसूच दिला नव्हता. रंग उडालाय, पण डिसेंबरची रेघ दिसते. पंचांगात सूर्योदय सात वाजून सात मिनिटांचा होता. पारसिकच्या डोंगरामागून थोडा उशिरा, दोन टॉवरांच्या फटीतून, तो त्या रेघेवरच वर आला. आई काही बोलली नाही, फक्त तुझ्या ताटातली भाकरी मोडून सगळ्यांना वाटली.

मग मी तुझं गणित केलं. एडिंबरात या दिवसांत सूर्य पूर्वेपासून साडेचार मुठी उजवीकडे, म्हणजे जवळजवळ आग्नेयेला उगवतो. भर दुपारीसुद्धा क्षितिजाच्या जेमतेम एक मूठ वर चढतो. इथे तो पावणेपाच मुठी चढतो. तुझा दिवस सात तासांचाही नाही, आमचा अकरा तासांचा. तुला जड वाटतं यात तुझं काही चुकत नाही, बाळा. प्रकाशच कमी आहे.

पण एक गोष्ट तुला सांगायचीच होती. तुझी संध्याकाळ केव्हाच वळली आहे. या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते आणि जोरात पळते, आसही कललेला, त्यामुळे सूर्याचा दिवस घड्याळाच्या दिवसापेक्षा अर्ध्या मिनिटाने मोठा पडतो. म्हणून तुझा सगळ्यात लवकरचा सूर्यास्त डिसेंबरच्या मध्यालाच होऊन गेला. सकाळ मात्र महिनाअखेरपर्यंत मागे रेंगाळेल. आपण इथे दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतो, आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत ठाण्यात खरंच सात-आठ मिनिटंच वाढतात. तुझ्याकडे तोवर चाळीसेक मिनिटं वाढलेली असतील.

काल रात्री आठ तेहतीसला अयनाचा, म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळण्याचा, क्षण होता. तुझ्याकडे दुपारचे तीन वाजून तीन मिनिटं. आम्ही तिघं गॅलरीत उभे राहिलो. आजीने हात जोडले.

आता तुझं. भारतीय दुकानात बाजरीचं पीठ मिळालं तर आधी वास घेऊन बघ, जुनं झालं की कडू लागतं. न मिळालं तर भाकरीचं राहू दे, खिचडी कर. एक मूठ तांदूळ, एक मूठ सालीची मूगडाळ, तुपात जिरं, मिरी, भरपूर आलं, आणि पाणी जरा जास्तच. हेमंतात भूक कडकडून लागते, असं आयुर्वेद सांगतो आणि आजीही. तुला लागत नाही, याचीच मला काळजी आहे.

तुझी खिडकी आग्नेयेला आहे असं तू सप्टेंबरात म्हणाला होतास. येत्या रविवारी, २८ तारखेला, पावणेनऊला तिच्यासमोर ताट घेऊन बस. ढग असले तरी बस. इथे तेव्हा सव्वादोन वाजलेले असतील. आम्ही दुपारचं जेवण थांबवून ठेवू. व्हिडिओ कॉल लाव, आजीला तुझं ताट बघायचं आहे.

तुझा,
बाबा