अधिक दाबलं की उणे!

महोदय,

देवगडात आमची हापूसची छोटी बाग आहे. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीकडून ऑनलाइन दुकान करून घेतलं. कॉम्प्युटरवर झकास दिसायचं, पण आमची गिऱ्हाइकं सगळी मोबाइलवाली! पुण्याच्या एक मावशी पाच डझनांची पेटी मागवत होत्या. अधिकवर बोट टेकलं की उणे व्हायचं. दोन्ही बटणं तांदळाच्या दाण्याएवढी, एकमेकांना चिकटलेली. पिनकोड 1972 पासून सहा आकडीच, तरी त्या चौकटीत अक्षरांचा कीबोर्ड उघडे. शेवटी फोनच आला, ‘अरे बाबा, तूच लिहून घे.’

यंदा भाचीनं सगळं नव्यानं मांडलं. डब्ल्यूसीएजी 2.2 या, वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या 2023 च्या निकषांत बटण किमान 24 पिक्सेलचं सांगितलंय; तिनं दुप्पट ठेवलं. पिनकोडला आकड्यांचा कीबोर्ड दिला. फोटो हलके केले, लोकलमध्ये लटकून मागवणाऱ्याचं नेट किती धावणार? (फोटोतला आंबा तसाही गोड लागत नाही.)

कंपन्यांनी काम सोपवण्याआधी ते साध्या फोनवर, उन्हात उभं राहून, एका हातानं वापरून बघावं. पैसे देण्याआधी आम्हीही बघितलं नव्हतं, ते सोडा.

— एक आंबा बागायतदार, देवगड