बाभळीचं नाव आणि बाभळीचा फोटो

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाभळीवर लेख आला. त्यात शास्त्रीय नाव 'अकेशिया निलोटिका' छापलं म्हणून पुढच्याच आठवड्यात एका वाचकांनी आपली चांगलीच कानउघाडणी केली: आता 'वाशेलिया निलोटिका' म्हणायचं. त्यांचं बरोबर आहे. पण 31 वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवल्यावर अशा ठिकाणी गप्प बसवत नाही.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसनं 1753 मध्ये या झाडाला 'मिमोसा निलोटिका' म्हटलं. निलोटिका म्हणजे नाईलकाठची. पुढे ती अकेशियात गेली आणि 2008 पासून वाशेलियात आहे. शास्त्रीय नावात, शाळेच्या हजेरीपटासारखं, आडनाव आधी येतं. बाभळीचं आडनाव दोनदा बदललं, पाळण्यातलं नाव तेच राहिलं.

वाशेलिया हे नवं आडनाव कसं चिकटलं ते मात्र ऐकण्यासारखं आहे. अकेशिया हे एक कूळ (म्हणजे एका आडनावाचा गट) नसून चार-पाच वेगळी कुळं एकत्र नांदताहेत, असं अभ्यासकांच्या लक्षात आलं. मग फाळणी आली. नियम असा, की जुनं नाव नमुना म्हणून नेमलेल्या जातीकडे राहतं, आणि तो नमुना होती आपली बाभूळ! पण ऑस्ट्रेलियात जवळजवळ हजार जाती, त्या सगळ्यांची नावं बदलावी लागली असती. म्हणून नमुनाच बदलून ऑस्ट्रेलियातला धरावा, अशी शिफारस झाली. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत त्यावर मतदान झालं. सुमारे 55 टक्के मतं शिफारशीच्या विरोधात पडली, तरी ती मंजूर झाली, कारण ती फेटाळायला 60 टक्के लागत होती. 2011 मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. अकेशिया हा शब्द ग्रीकमधल्या काट्यावरून आलेला, आणि तो गेला बहुतेक बिनकाट्याच्या झाडांकडे! सामाजिक वनीकरणात लावलेली आपल्याकडची 'ऑस्ट्रेलियन बाभूळ' आज खरी अकेशिया आहे. आपली बाभूळ आणि हिवर वाशेलियात, खैर आणि शिकेकाई सेनेगालिया या आणखी एका कुळात. वाशेलिया हे नाव ज्याच्यावरून पडलं तो वाशेल म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावमधला ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री, फावल्या वेळात झाडं गोळा करणारा. आमच्या बांधावर तो असा येऊन बसला.

तेव्हा जुनं नाव छापलंत म्हणून फार मनाला लावून घेऊ नका. नवं नाव द्या आणि कंसात जुनंही द्या, कारण जुन्या सगळ्या पुस्तकांत बाभूळ अकेशियाखालीच सापडते. वनस्पतिसंग्रहातसुद्धा नाव बदललं म्हणून जुनी चिठ्ठी फाडत नाहीत, शेजारी नवी डकवतात.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. लेखासोबतचा फोटो बाभळीचा नाही. तो वेड्या बाभळीचा आहे! नावावरून रागावलेल्या वाचकांच्याही ते नजरेतून सुटलं. बाभळीचं फूल म्हणजे पिवळाधमक गोल गोंडा. आपल्या फोटोत लांबट तुरे लोंबताहेत. बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी, दर दोन बियांच्या मध्ये आवळलेली. फोटोतली सरळ, पिवळसर पट्टी. वेडी बाभूळ अमेरिका खंडातून आलेली, तिचं कूळ वेगळं. (तिचंही आडनाव 2022 मध्ये बदललं, पण तो विषय आज नको.) सुबाभूळ आणखी तिसरीच. आपण मराठी माणसांनी जे जे बारीक पानांचं दिसलं त्याला बाभूळ म्हणून टाकलं.

माझ्या वडिलांचं औत बाभळीचं होतं. वेडीचं लाकूड दारात आलं तर ते म्हणायचे, "हे चुलीकडं न्या." त्यांना निलोटिका ठाऊक नव्हतं, पण शेंग पाहिल्याशिवाय त्यांनी कधी झाड ओळखल्याचं सांगितलं नाही.

लेखात डिंकाची आणि औजारांच्या लाकडाची माहिती उत्तम आहे. ती वाचून कुणी वेड्या बाभळीपाशी कुऱ्हाड घेऊन उभं राहू नये, म्हणून येत्या रविवारी योग्य फोटो छापावा. छायाचित्रकाराला लांब जायला नको. बार्शीबाहेर कुठल्याही ओढ्याच्या काठी दोन्ही झाडं शेजारी शेजारी मिळतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, बार्शी