चौदाव्या पानावरची मोरी

केपटाउन,
१२ ऑगस्ट

तीर्थरूप आईस,
सा. न. वि. वि.

वहिनीने तुझ्या आठवणींच्या वहीतील बावीस पानांचे फोटो पाठवले होते, ते मी दोन रात्री बसून वाचून काढले. रापणीच्या मोठ्या जाळ्याची दोरी ओढून तळहातांना पडलेले घट्टे, आंबोलीच्या घाटात धुक्यामुळे तासभर थांबलेली एसटी, आणि लग्न होऊन खानापूरला आल्यावर तू ‘मोरी मिळते का इथे?’ असे तुमच्या कोकणातल्या मोरीविषयी, म्हणजे शार्क माशाविषयी, विचारताच बाबांच्या आईने तुला हात धरून न्हाणीघर दाखवले ती हकीकत, यांतला एकही शब्द बदलू नकोस. मला बोलायचे आहे ते चौदाव्या पानाविषयी, आणि ते फोनवर धड बोलता आले नसते म्हणून हे पत्र.

त्या पानावर तू लिहिले आहेस की, १९६८ च्या मे महिन्यात आजोबांच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या, हाताला मोरी चावली, जखम चिघळली, डॉक्टर तिसऱ्या दिवशी आले आणि नवव्या दिवशी आजोबा गेले. त्यापुढे तू मोरीला वैरीण म्हटले आहेस आणि रक्ताच्या वासावर माणसे हुडकत फिरणारी समुद्रातली राक्षशीण म्हटले आहेस. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. तुझ्या दुःखाचे माप काढण्याचा मला काहीही अधिकार नाही, आणि ती नऊ वर्षांची मुलगी तसे म्हणाली असेल तर ते तसेच राहिले पाहिजे. पण अकराव्या पानावर तूच लिहिले आहेस की, हाताला फडके गुंडाळून खाटेवर पडलेले आजोबा आजीला म्हणाले, ‘‘हात मियाच घातलंय, तिचो काय गुन्हो.’’ हे वाक्य चौदाव्या पानापर्यंत पोहोचलेलेच नाही, आणि मला ते तिथे हवे आहे.

माझे काम बंदरातील हायड्रॉलिक पंप दुरुस्त करण्याचे, म्हणजे बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत शिकलो तेच. पण रविवारी मी लोकलने मुइझेनबर्गच्या किनाऱ्यावर जातो. फॉल्स बे नावाच्या मोठ्या उपसागराचा हा किनारा आहे. मागच्या डोंगरावर माणसे दुर्बिणी घेऊन दिवसभर बसतात आणि पाण्यात शार्कची सावली दिसते का ते पाहतात. २००४ पासून ही व्यवस्था चालू आहे. हिरवा झेंडा म्हणजे पाणी स्वच्छ आहे आणि शार्क दिसलेला नाही, काळा म्हणजे पाणी गढूळ असल्याने नीट दिसत नाही, लाल म्हणजे शार्क नुकताच दिसून गेला, आणि पांढऱ्यावर काळ्या शार्कचे चित्र असलेला झेंडा चढला की भोंगा वाजतो आणि सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचे असते. शार्कला मारायचे नाही, माणसाला सावध करायचे, एवढेच त्यांचे काम. ग्रेट व्हाइट शार्कला कायद्याने संरक्षण देणारा जगातला पहिला देश दक्षिण आफ्रिका हाच, आणि तो कायदा १९९१ चा आहे.

मला इथे येऊन दोन वर्षे झाली, पण तो पांढरा झेंडा मी एकदाही फडकताना पाहिलेला नाही. २०१५ पासून या उपसागरात दोन ओर्का, म्हणजे शिकार करणारे काळे-पांढरे देवमासे, येऊ लागले, आणि इथल्या सात कल्ल्यांच्या शार्कची यकृत काढून घेतलेली प्रेते पाण्याखाली सापडू लागली. शार्कच्या शरीरात यकृताइतके तेलकट आणि पौष्टिक दुसरे काही नसते, आणि ओर्का नेमके तेवढेच खाऊन बाकीचे धूड टाकून देतात. २०१७ मध्ये पूर्वेच्या गान्सबाईजवळ ग्रेट व्हाइटही तशाच अवस्थेत किनाऱ्याला लागले. त्यानंतर थोड्याच काळात फॉल्स बेमधून ते जवळजवळ नाहीसे झाले. ते ओर्कांमुळे गेले की माणसाच्या मासेमारीमुळे, यावर इथले शास्त्रज्ञ अजून वाद घालत आहेत. पूर्वी याच दिवसांत, म्हणजे इथल्या थंडीतल्या पहाटे, सील बेटाभोवती हे शार्क खालून सुसाटत येत आणि सीलसकट पाण्याबाहेर उसळत. आणि त्यातही निम्म्या वेळा सील निसटून जात असे. आता सील बेधडक पोहतात, त्यांची संख्या वाढली आहे, आणि ज्या माशांवर ते जगतात ते मासे कमी झाले आहेत. कारखान्यातील माझ्या एका सहकाऱ्याचे आजोबा काल्क बेचे कोळी होते. तो मला म्हणाला की, लहानपणी पाण्यात उतरताना छाती धडधडायची, आता धडधडत नाही, आणि त्याचेच त्याला वाईट वाटते. आई, जिच्या भीतीत आपण वाढलो ती निघून गेल्यावर माणसाला असे वाटू शकते, हे मला त्याच्याकडून प्रथमच कळले.

त्याच्या घरी आजोबांनी जपून ठेवलेला ग्रेट व्हाइटचा एक दात आहे. तो मी हातात घेऊन पाहिला. माझ्या अंगठ्याएवढा, त्रिकोणी, आणि दोन्ही कडांना हॅकसॉच्या पात्यासारखे बारीक दाते. एक दात पडला की मागच्या रांगेतला पुढे सरकतो, आणि हे जन्मभर चालू असते. त्याच्याकडे वाळलेल्या कातडीचा तुकडाही होता. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. तेव्हा मला तू आठवलीस, कढत पाण्यात मोरी बुडवून सुरीच्या पाठीने तिची ती खरखरीत कातडी खरवडणारी. मोरीला जो उग्र वास येतो तोही समजून घेण्यासारखा आहे. खाऱ्या पाण्यात शरीरातले पाणी टिकावे म्हणून शार्क आपल्या रक्तामांसात युरिया साठवून ठेवतो, आणि मेल्यावर त्याचाच अमोनिया होतो. तुझी हळद, मीठ आणि कोकम त्याच्यावरचाच उपाय होता.

आता राक्षशिणीविषयी. शार्कला वास फार चांगला कळतो, हे खरे. त्याच्या थोबाडावर बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून त्याला दुसऱ्या जिवाच्या स्नायूंमधली अगदी क्षीण वीजही जाणवते. पण ही सारी तयारी मासे आणि सील पकडण्यासाठी आहे. जगभरात मिळून वर्षाला पाच-सहा माणसे शार्कच्या चाव्याने मरतात, आणि माणूस मात्र वर्षाला आठ ते दहा कोटी शार्क मारतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ग्रेट व्हाइटच्या मादीला वयात यायलाच तीसेक वर्षे लागतात, त्यामुळे मेलेल्यांची जागा लवकर भरून निघत नाही. आपल्या सरकारनेही २०१५ मध्ये शार्कच्या परांची निर्यात बंद केली. आजोबांना चावलेली मोरी तर, तूच लिहिले आहेस, दीड हाताची होती, जाळ्यात गुरफटलेली आणि होडीच्या तळाशी तडफडत असलेली. ती माणूस शोधायला आली नव्हती. आजोबा गेले ते जखमेत विष भिनल्यामुळे, आणि पावसाआधीच्या त्या वळिवात रस्ता वाहून गेल्याने डॉक्टरांना यायला तीन दिवस लागल्यामुळे.

मी इतका आग्रह धरतो त्याचे कारण तुझे ऐकणारे लोक आहेत. हिवाळ्यातल्या संमेलनात तू ही पाने वाचणार आहेस. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून भरणाऱ्या आपल्या संमेलनांना येतात ते भात आणि ऊस करणारे लोक. त्यांतल्या कित्येकांनी समुद्र एखाद्या सहलीत पाहिला असेल तेवढाच. आपली मलप्रभासुद्धा कणकुंबीला, समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावून, त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. तू सांगशील तोच त्यांच्यासाठी समुद्र असेल. आणि हेच लोक गव्याने कुणाला मारले तर आधी विचारतात की, तो कुठे गाठ पडला, त्याच्या वाटेत कोण गेले होते, तो जखमी होता का. खानापूरच्या रानात गव्याला मिळतो तो न्याय ते मोरीलाही देतील, तू सगळे सांगितलेस तर.

आणखी एक गोष्ट तू अजून लिहिलेलीच नाहीस. माझ्या वेळी तू बाळंतीण असताना आजीने वेंगुर्ल्याहून सुकवलेली मोरी एसटीतून पाठवली होती, दूध चांगले यावे म्हणून. ज्या बाईचा नवरा मोरीच्या चाव्याने गेला, तिनेच लेकीसाठी मोरी वाळवली. तिने ती कशी चिरली, मीठ किती लावले, पुडके कशात बांधले आणि ते हातात पडल्यावर तुला काय वाटले, हे मला ठाऊक नाही आणि तुझ्याशिवाय आता कुणालाच ठाऊक नसेल.

सध्या तिकडे श्रावण आहे, घरात मासळी नाही, तेव्हा लिहायला तुला थोडी उसंत मिळेल. चौदावे पान फाडू नकोस. त्याच्यापुढे कोरे पान जोडून आजीच्या पुडक्याची हकीकत लिही, आणि गौरी-गणपतीची गडबड सुरू होण्याआधी वहिनीला त्याचा फोटो काढून पाठवायला सांग.

बाबांना साष्टांग नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा