सेलवर्दीच्या हिरवळीवरून

ब्रिस्टल,
रविवार

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

पडवीच्या भिंतीला पुन्हा ओल आली आणि गवंडी सिमेंटचा गिलावा करू म्हणतोय, हे वाचून जिवाला लागलं. त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो, पण मनासारखं उतरेना. काल सॉमरसेटमधलं सेलवर्दी हे गाव पाहून आलो. आता लिहितो.

एक्समूरच्या डोंगरउतारावर हॉलनिकोट नावाची मोठी जमीनदारी होती. लिहितात असं, म्हणतात मात्र 'हनिकट'. तिचे मालक सर थॉमस डाइक ॲकलंड यांनी १८२८ मध्ये सेलवर्दीची घरं उभी केली, तिथं राबून म्हाताऱ्या झालेल्या माणसांसाठी. नमुना घेतला तो इथल्या, ब्रिस्टलजवळच्या ब्लेझ हॅम्लेटचा. वास्तुविशारद जॉन नॅशने १८११ च्या सुमारास रचलेली ती नऊ घरं, एकासारखं दुसरं नाही. १९४४ मध्ये हनिकट नॅशनल ट्रस्टकडे, जुन्या वास्तू जपणाऱ्या इथल्या संस्थेकडे, गेलं. सेलवर्दीच्या पेरिविंकल नावाच्या घरात आता चहा मिळतो. पेरिविंकल म्हणजे आपल्या सदाफुलीच्या कुळातलं निळं फूल.

छप्पर काडाचं, चांगलंच उभं उतरतं. उतार कमी असता तर पाणी काडात मुरलं असतं. माडीच्या खिडकीवर ते भुवईसारखं वळलंय. पन्हळ कुठेच नाही. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून वळचण पुढे काढलेली. आजोबा शाकारणीच्या वेळी वाशाचं टोक हाताने मोजून बघायचे, आठवतं? तेच गणित. इथल्या काही घरांच्या भिंतीला बाहेरून गोल फुगवटा आहे, आतल्या पावाच्या भट्टीची ती पाठ.

मी खिडकीपाशी बसलो. भिंत एवढी जाड की खिडकीच्या तळाशी किटली, कप आणि स्कोनची बशी सगळं मावलं. बाहेर पडल्यावर भिंतीवर तळहात टेकवला. सायीसारखा पिवळसर चुना, थरावर थर चढलेला, कडा झिजून गोल झालेल्या. हाताला किंचित पूड लागली. सकाळभर पाऊस होऊन गेला होता, तरी पोपडा नव्हता. चुन्याची भिंत पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडून देते. सिमेंट तेच पाणी आत कोंडतं, मग ओल वर चढत जाते. तुझ्या पडवीत नेमकं हेच झालंय, श्रीधर. आपल्याकडच्या कुणा ठेकेदाराने दहा वर्षांपूर्वी खालचा हातभर पट्टा सिमेंटने लिंपला, तेव्हा मीही हो म्हटलं होतं. ती माझी चूक.

वरच्या अंगाला पांढऱ्या चुन्याचं चर्च आहे. तिथून समोर डंकरी बीकन दिसतं, ५१९ मीटर, एक्समूरचा सर्वात उंच माथा. अर्धा तास तिथंच उभा होतो.

तर गवंड्याला थांबव. पाऊस गेला की तो सिमेंटचा पट्टा हलक्या हाताने छिन्नीने उतरवून घे, चिरा फुटू देऊ नकोस. भिंत पुरती सुकू दे. चुना आत्तापासून भिजत घाल, पाणी वर राहील असा. दिवाळीत मी येतोच आहे, पहिला हात आपण दोघं मिळून मारू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनू