बाबा, नवा मोबाईल आत्ताच घेऊ नका

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, दुकानदार म्हणतो म्हणून नवा मोबाईल घ्यायची घाई करू नका. व्हिडिओ कॉल नीट लागतो, फोटो पटकन उघडतात, बातम्या वाचायला गेलं की मात्र फोन अडकतो, असं तुम्हीच सांगितलंत. म्हणजे दुखणं फोनचं नाही, त्या पानांचं आहे. बातमीचा मजकूर असतो चार परिच्छेदांचा. त्याच्यासोबत जाहिराती, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि तुम्ही काय वाचता यावर पाळत ठेवणारे प्रोग्राम येतात. ते सगळं तुमच्या डेटा पॅकमधून येतं आणि चालवावं लागतं तुमच्याच फोनला.

यावर चांगला उपाय आहे, तोही फुकट. प्ले स्टोअरवरून फायरफॉक्स घ्या, म्हणजे क्रोमसारखंच नेटवरची पानं उघडणारं ॲप. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवता येत नाही, फायरफॉक्समध्ये येतं, म्हणून हा बदल. उघडलं की तीन टिंबं दाबा, एक्स्टेंशन्समध्ये जा आणि जाहिराती अडवणाऱ्या 'यूब्लॉक ओरिजिन'समोरचं अधिकचं चिन्ह दाबा. 'ओरिजिन' हा शब्द आहे ना, तेवढं बघाच, कारण मिळत्याजुळत्या नावाचं दुसरंही एक आहे. हे बनवतं कोण, असं तुम्ही विचारणारच. रेमंड हिल नावाच्या प्रोग्रामरने २०१४ मध्ये ते सुरू केलं. त्याचा कोड कुणालाही तपासता येतो, आणि ते देणगीसुद्धा मागत नाहीत. जाहिरात उतरवून झाकण्यापेक्षा ती मुळात मागवूच द्यायची नाही, अशी त्याची रीत आहे, म्हणून डेटाही वाचतो. फक्त तुमच्या आवडत्या वर्तमानपत्रापुरतं ते बंद ठेवा. त्यांचा खर्च जाहिरातींवरच चालतो, आणि गावोगावचे वार्ताहर टिकायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

आई, तुझ्या डोळ्यांसाठी त्याच फायरफॉक्समध्ये वाचन-दृश्य आहे. लेख उघडला की वर पत्त्याच्या पट्टीत कागदाच्या पानासारखं चिन्ह येतं. ते दाबलंस की आजूबाजूचं सगळं जातं आणि नुसता मजकूर उरतो. अक्षर हवं तेवढं मोठं कर, मागचा रंगही बदल. सगळ्या पानांवर ते चिन्ह येत नाही, पण लांब लेखांवर बहुतेक येतं. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, तोही अशाच निवांतपणे वाचता येईल. शोधताना टाईप करत बसू नकोस. कीबोर्डची भाषा मराठी ठेव, माईक दाब आणि बोल.

सकाळी येणारे ते 'फोनमध्ये व्हायरस सापडला'चे निरोप खोटे आहेत, बाबा. कुठल्या तरी साइटने सूचना पाठवू का म्हणून विचारलं असेल आणि हो दाबलं गेलं असेल. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, तिथे सूचना, आणि ओळखीची नसलेली सगळी नावं बंद.

सातबाऱ्याचं मात्र नीट ऐका. दर वेळी गुगलवर शोधू नका. वर 'प्रायोजित' लिहिलेले निकाल पैसे देऊन लावलेले असतात आणि त्यात नकली साइटही घुसतात. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघून महाभूमीचं, म्हणजे सरकारच्या जमीन-नोंदींचं, पान एकदाच उघडा आणि मेनूतून होम स्क्रीनवर जोडून टाका. पुढच्या वेळी थेट तिथूनच जायचं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. कुणी शंभर-दोनशे मागितले तर पान बंद करा.

आणखी एक, पावसाळ्यासाठी. वीज गेली की तिकडे टॉवरही बसतो. किविक्स नावाच्या ॲपमध्ये मराठी विकिपीडिया एकदा उतरवून ठेवला की तो नेटशिवाय वाचता येतो. फाईल मोठी आहे, त्यामुळे शेजारच्या काकांकडे वायफायवर उतरवा, पॅकवर नको.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की व्हिडिओ कॉल करते. तोवर निदान फायरफॉक्स घेऊन ठेवा. आईच्या फोनवरून बोलू, म्हणजे बाबांचा फोन समोर धरून एकेक बटण मला दाखवता येईल. आणि दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.

तुमची,
मनू