अक्काचा काढा

सुमे,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. नांदेडला बदली झाल्याचं मंदाकडून कळलं. घर मिळालं का? आमच्याकडे सगळे बरे, माझा गुडघा तेवढा कुरकुरतो.

लिहायला बसले ती अक्कासाठी. तिची पाळी जाऊन दीड वर्ष झालं आणि आता पुन्हा अंगावरून जातंय. चार महिने झाले, गप्प बसली! संक्रांतीला फडताळात अशोकारिष्टाच्या बाटल्या दिसल्या तेव्हा मला कळलं. वर शेजारणीनं आणून दिलेल्या अशोकाच्या सालीचा काढा. साल कुठली, तर शाळेच्या कुंपणालगतच्या उंच झाडांची. सुमे, कॉलेजात ज्या झाडावरून तू माझ्याशी अबोला धरलास, तेच ते! तो आसुपालव गं. औषधातला सीतेचा अशोक वेगळा, त्याच्या फांद्यांना केशरी-लाल फुलांचे घोस लागतात. आता तरी मान.

पण साल खरी असती तरी काय? पाळीत जास्त जातं म्हणून वैद्य अशोक पिढ्यान्‌पिढ्या देतात, त्याला मी नावं ठेवत नाही. माझ्या बाळंतपणात आईनं दिलेला शतावरी कल्प मी आवडीनं खाल्ला. पण पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर जातं ते रक्त पाळीचं नव्हे. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी बघायला हवी, लागलं तर तुकडा तपासायला पाठवायला हवा. बहुतेकदा साधंच काही निघतं. कधी कॅन्सर निघतो, आणि लवकर सापडला तर बराही होतो. काढ्यात महिने गेले की काय होतं, ते तुझ्या मावशीच्या वेळी आपण पाहिलंय.

सगळं सांगितलं तर म्हणाली, "डॉक्टर पिशवी काढतील." माझं तोंडच बंद झालं. तिच्या गल्लीतल्या बायका ऊसतोडीला जातात. पाळीमुळे खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. पांढरं जातंय म्हणून दाखवायला गेलं की कॅन्सरची भीती घालून तिशीतल्या बाईची पिशवी काढतात. 2019 साली बीडसाठी सरकारला चौकशी समिती नेमावी लागली ती उगाच नाही. अक्काची भीती खोटी आहे असं मी कुठल्या तोंडानं सांगू? तपासणी म्हणजे ऑपरेशन नव्हे, एवढंच तिला पटायला हवं, आणि मी धाकटी, माझं ती ऐकते कुठे!

तुझं ऐकते. तुझी तपासणी झाली तेव्हा काय केलं, किती दुखलं, ते तूच तिला सांग. दुपारी फोन कर, भाऊजी शेतात असतात. अरिष्टाला नावं ठेवू नकोस, चिडेल. काढा मात्र थांबवायला लाव. ती हो म्हणाली की मी तिला अंबाजोगाईला घेऊन जाते.

राहुलची बारावी कशी चाललीय? त्याला आशीर्वाद.

तुझी,
कुंदा